स्मार्टफोनचे चित्रीकरण : विभेदन, फ्रेम-दर आणि फाइलचे आकारमान

एका शाळेतील विज्ञानाचे शिक्षक सेवानिवृत्त होत आहेत, अशी कल्पना करू. त्यांचा अखेरचा तास पन्नास मिनिटांचा आहे. ह्या तासाला ते नेहमीप्रमाणे हात उंचावून एक चेंडू खाली सोडतील, छताला टांगलेल्या लंबकाला झोका देतील, फळ्यावर आकृती काढतील आणि शेवटी विद्यार्थ्यांना निरोपाचे दोन शब्द सांगतील. हा तास स्मार्टफोनने चित्रित करून ठेवण्याचे एका विद्यार्थिनीने ठरविले. फोनमध्ये ८ गिगाबाइट जागा मोकळी होती. जे करावयाचे ते उत्तमच असावे, ह्या सद्हेतूने तिने सर्वांत वरचा पर्याय निवडला : ४के, सेकंदाला ६० फ्रेम. विसावे मिनिट संपते न संपते तोच जागा भरली आणि चित्रीकरण थांबले. चेंडूचे पडणे टिपले गेले. लंबक, फळा आणि निरोपाचे शब्द मात्र कायमचे निसटले.

ह्यात दोष फोनचा नव्हता आणि विद्यार्थिनीच्या हेतूचाही नव्हता. उणीव होती ती एका साध्या हिशेबाची. तो हिशेब शाळेत शिकलेल्या गुणाकार-भागाकारापलीकडचा नाही. परंतु त्यात येणाऱ्या राशींचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ह्या राशी चार आहेत : विभेदन, फ्रेम-दर, बिट-दर आणि वेळ. त्यांचा परस्परसंबंध येथे क्रमाने पाहू.

१. विभेदन : चित्रातील ठिपक्यांची संख्या

फोनच्या पडद्यावरील चित्र भिंगातून पाहिल्यास ते अतिशय लहान ठिपक्यांचे बनलेले आढळते. अशा एका ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. चित्रात आडवे किती आणि उभे किती पिक्सेल आहेत, ह्यावर त्याचे विभेदन, म्हणजेच रेझोल्यूशन, ठरते. फोनमध्ये '१०८०पी' असे लिहिलेले असते तेव्हा चित्रात १०८० ओळी असून प्रत्येक ओळीत १९२० पिक्सेल असतात. दोहोंचा गुणाकार २०,७३,६००. '७२०पी' मध्ये १२८० × ७२०, म्हणजे ९,२१,६०० पिक्सेल. आणि '४के' मध्ये ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल येतात. रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट झाल्यामुळे ४के मधील पिक्सेलांची संख्या १०८०पी च्या बरोबर चौपट होते, हे ध्यानात ठेवावे.

पिक्सेल वाढले म्हणजे पाहणाऱ्यास तितके अधिक दिसेलच, असे मात्र नाही. मनुष्याच्या निरोगी डोळ्याची विभेदनक्षमता साधारणतः एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची असते. फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटर अंतरावर धरला तर एवढ्या कोनात सुमारे ०.०८७ मिलिमीटर लांबी येते. पडदा १५ सेंटिमीटर लांब असेल तर त्यावर डोळ्यास सुमारे १,७०० ठिपकेच एकमेकांपासून वेगळे ओळखता येतील. १०८०पी चित्रात ते १,९२० आहेत. तेव्हा केवळ फोनच्या पडद्यावर पाहावयाच्या चित्रास १०८०पी पुरेसे आहे. १.२ मीटर रुंदीच्या दूरदर्शन संचासमोर २ मीटरवर बसल्यास हीच संख्या सुमारे २,०६० येते. म्हणजे तेथेही १०८०पी जवळजवळ पुरते.

मग ४के चा उपयोग कोठे? चित्र फार मोठ्या पडद्यावर दाखवावयाचे असेल, प्रेक्षक पडद्याच्या अगदी जवळ असतील, किंवा चित्राचा एखादा भाग कापून मोठा करून पाहावयाचा असेल, तेथे. आपला फळाच पाहा. तो ३ मीटर रुंद असून चित्राची पूर्ण रुंदी व्यापत असेल, तर १०८०पी मध्ये एका पिक्सेलच्या वाट्याला फळ्याचे सुमारे १.६ मिलिमीटर येतात. खडूची रेघ ५ मिलिमीटर जाड धरली तर ती तीन पिक्सेलांत उमटते आणि अक्षर वाचता येते. परंतु फोन वर्गाच्या मागील भिंतीशी ठेवला आणि फळ्याने चित्राचा केवळ तिसरा हिस्सा व्यापला, तर एका पिक्सेलमध्ये सुमारे ४.७ मिलिमीटर सामावतात. मग ती रेघ जेमतेम एका पिक्सेलची होते आणि अक्षरे पुसट दिसू लागतात. येथे दोन उपाय आहेत : विभेदन वाढविणे, अथवा फोन पुढच्या बाकावर नेणे. दुसऱ्या उपायाला जागा मुळीच लागत नाही.

२. फ्रेम-दर : एका सेकंदातील चित्रांची संख्या

चलच्चित्रात वास्तविक काहीच हालत नसते. किंचित भिन्न अशी स्थिर चित्रे, म्हणजे फ्रेम, एकामागून एक वेगाने दाखविली की आपला मेंदू त्यांना जोडून गतीचा अनुभव निर्माण करतो. एका सेकंदात किती फ्रेम घेतल्या, त्या संख्येस फ्रेम-दर म्हणतात. ल्यूमिएर बंधूंनी १८९५ मध्ये पॅरिस येथे आणि त्यांच्या प्रतिनिधीने ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जी चित्रे दाखविली, त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १६ फ्रेम इतका होता. पुढे बोलपटांच्या काळात २४ हा दर रूढ झाला. आवाज नीट यावा म्हणून फितीचा वेग निश्चित व पुरेसा असणे आवश्यक होते. दूरचित्रवाणीने आपला दर विजेच्या पुरवठ्याशी जुळवून घेतला. जेथे विजेची वारंवारता ५० होती तेथे, आणि त्यात भारतही आला, २५ फ्रेम. अमेरिकेत ती ६० असल्याने तेथे ३० फ्रेम. आजच्या फोनमध्ये २४, २५, ३० आणि ६० हे जे आकडे दिसतात, त्यांच्यामागे असा इतिहास आहे.

सर्वसाधारण हालचालींस ३० फ्रेम पुरतात. हालचाल वेगवान असली, तर अधिक फ्रेम लागतात. आपल्या चेंडूचा विचार करू. १ मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू जमिनीवर येण्यास सुमारे ०.४५ सेकंद लागतो. सेकंदाला ३० फ्रेम घेतल्यास ह्या अवधीत अवघी तेरा-चौदा चित्रे मिळतात. जमिनीजवळ चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर झालेला असतो. म्हणजे शेवटच्या दोन चित्रांच्या दरम्यान तो जवळजवळ १५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. हेच चित्रीकरण सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या मंदगती पद्धतीने केले, तर सुमारे १०८ चित्रे हाती येतात आणि चेंडूचे टप्पे २ सेंटिमीटरहूनही कमी अंतरावर मोजता येतात. ही चित्रे पुन्हा सेकंदाला ३० ह्या गतीने दाखविली की पडण्याची क्रिया आठपट सावकाश दिसते.

ह्याच्या उलटही करता येते. दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. त्यापूर्वी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ, ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन, फितीवर टिपली होती. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढताना दिसे. सारांश, योग्य फ्रेम-दर कोणता, हे वस्तूच्या गतीवरून ठरते. सर्वांत मोठा आकडा हा सर्वांत योग्य आकडा असतोच असे नाही.

फ्रेम-दर वाढविण्याची किंमत केवळ जागेच्या रूपाने द्यावी लागत नाही. सेकंदाला ६० फ्रेम घ्यावयाच्या तर एका फ्रेमसाठी प्रकाश गोळा करण्यास फार तर १/६० सेकंद मिळतो. ३० फ्रेमच्या वेळी त्याच्या दुप्पट मिळू शकतो. म्हणून अंधूक उजेडाच्या खोलीत ६० फ्रेमचे चित्र अधिक काळसर अथवा दाणेदार येते.

दिव्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडील विजेची दिशा सेकंदात ५० आवर्तने करते आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा प्रवाह शिखर गाठतो. त्यामुळे जुन्या चोकच्या नळ्या व काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. डोळ्यास हे कळत नाही. परंतु फोनचा कॅमेरा चित्र ओळी-ओळींनी वाचतो. प्रकाश घेण्याचा अवधी १/६० सेकंद असला, तर त्यात दिव्याची लुकलुक पूर्ण संख्येने बसत नाही. काही ओळींस अधिक उजेड मिळतो, काहींस कमी, आणि चित्रावरून काळसर पट्टे सरकताना दिसतात. अवधी १/५० अथवा १/१०० सेकंद ठेवला, तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला लुकलुकीची पूर्ण आवर्तने येतात आणि पट्टे नाहीसे होतात. फोनमध्ये २५ फ्रेमचा अथवा ५० हर्ट्झचा पर्याय असल्यास अशा खोलीत तो निवडावा.

३. मूळ माहिती किती?

आता हिशेबाकडे वळू. प्रत्येक पिक्सेलचा रंग तांबडा, हिरवा आणि निळा ह्या तीन घटकांनी व्यक्त होतो. साधारणतः प्रत्येक घटकास ८ बिट, म्हणजे एक बाइट, दिला जातो. तेव्हा एका पिक्सेलला ३ बाइट झाले. १०८०पी च्या एका फ्रेमला २०,७३,६०० × ३ = ६२,२०,८०० बाइट लागतील. सेकंदाला ३० फ्रेम धरल्यास १८,६६,२४,००० बाइट, म्हणजे जवळजवळ १८७ मेगाबाइट. एका मिनिटास सुमारे ११,२०० मेगाबाइट, अर्थात ११.२ गिगाबाइट! ह्या हिशेबाने ८ गिगाबाइटच्या जागेत एक मिनिटही मावणार नाही. प्रत्यक्षात मात्र एका मिनिटाची फाइल साठ-सत्तर मेगाबाइटची असू शकते. उरलेली माहिती गेली कोठे?

४. संपीडन : जे सांगावयास नको ते गाळणे

ही किमया संपीडनाची आहे. ते मुख्यतः तीन गोष्टींचा लाभ घेते.

पहिली गोष्ट डोळ्याच्या स्वभावाची. उजेडातील सूक्ष्म फरक डोळा चटकन टिपतो. रंगातील सूक्ष्म फरक त्या मानाने टिपत नाही. म्हणून उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवून रंगाची नोंद चार पिक्सेलांत मिळून एकदाच केली जाते. चार पिक्सेलांना बारा आकडे लागावयाचे, त्याऐवजी सहा पुरतात. मूळ माहिती येथेच निम्मी झाली.

दुसरी गोष्ट एका फ्रेमच्या आतील सारखेपणाची. भिंतीच्या एका पिक्सेलशेजारी बहुधा तशाच रंगाचा पिक्सेल असतो. चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील आकड्यांचे रूपांतर केले की त्यातील बरीचशी माहिती थोड्या आकड्यांत एकवटते. उरलेले आकडे नगण्य असल्याने गाळता येतात. ह्यासाठी त्रिकोणमितीतील कोज्या, म्हणजेच कोसाइन, ह्या फलनावर आधारलेली एक रीत विशेष उपयोगी पडली. तिचे एक प्रणेते नासीर अहमद हे १९४० मध्ये बंगलोर येथे जन्मले व पुढे अमेरिकेत अध्यापक झाले. १९७२ मध्ये ह्या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले होते. ते नाकारण्यात आले. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव ह्यांच्यासह त्यांचा निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज फोनमधील छायाचित्रांच्या व चलच्चित्रांच्या कित्येक संपीडन-पद्धती ह्या कल्पनेवर उभ्या आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत फलदायी आहे : लागोपाठच्या फ्रेममधील सारखेपणा. वहीत वरच्याच ओळीतील मजकूर पुन्हा लिहावयाचा असल्यास आपण 'वरीलप्रमाणे' अशी खूण करून मोकळे होतो. फोनही तसेच करतो. मधून मधून तो एक फ्रेम संपूर्ण नोंदवितो. पुढील फ्रेमसाठी 'मागच्याप्रमाणेच, फक्त हा हात इतका उजवीकडे सरकला' एवढीच नोंद ठेवतो. फळा, भिंत, टेबल ह्यांच्याविषयी पुन्हा काही सांगावे लागत नाही.

ह्यावरून एक व्यावहारिक नियम हाती येतो. फोन हातात धरून हालत राहिला, तर भिंतसुद्धा प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलते आणि सांगण्याजोगे पुष्कळ निर्माण होते. पाऊस, वाऱ्याने हालणारी पाने, लाटा ह्यांचेही असेच आहे. ठरलेल्या जागेत एवढे सांगणे बसविता आले नाही की फोन बारकावे सोडून देतो आणि चित्रात चौकोनी डाग दिसू लागतात. उलट, फोन तिकाटण्यावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर स्थिर ठेवला, तर त्याच जागेत अधिक स्वच्छ चित्र मिळते.

संपीडनाच्या पद्धती उत्तरोत्तर सुधारत गेल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एच.२६४' ह्या प्रमाणपद्धतीपेक्षा २०१३ ची 'एच.२६५' पद्धती जवळजवळ निम्म्या जागेत तशाच दर्जाचे चित्र ठेवू शकते. मात्र जुन्या यंत्रांवर ती चालेलच असे नाही. हेही विसरता कामा नये की एकदा गाळलेली माहिती परत मिळत नाही. संदेश पाठविण्याच्या ॲपमधून चलच्चित्र गेले की बहुधा त्याचे पुनश्च संपीडन होते. म्हणून जतन करावयाची प्रत मूळ फाइलचीच असावी.

५. बिट-दर आणि फाइलचे आकारमान

संपीडनानंतर एका सेकंदाच्या चित्रासाठी जितके बिट खर्च होतात, त्यास बिट-दर म्हणतात. आकारमानाचे सूत्र सरळ आहे :

फाइलचे आकारमान = बिट-दर × वेळ

उत्तर बाइटमध्ये हवे असल्यास आठाने भागावे. सेकंदाला ८ मेगाबिट हा दर असेल, तर सेकंदाला १ मेगाबाइट आणि मिनिटाला ६० मेगाबाइट जागा लागेल. सूत्रात विभेदन आणि फ्रेम-दर दिसत नाहीत. ते बिट-दराच्या पाठीमागे उभे आहेत. किती पिक्सेलांना आणि किती फ्रेमना किती बिट द्यावयाचे, हे फोन बनविणारे ठरवितात. आयफोनच्या सेटिंगमध्ये एच.२६५ पद्धतीच्या एका मिनिटाच्या चित्रीकरणासाठी काही आवृत्त्यांत पुढील अंदाज दिलेले आढळतात :

७२०पी, ३० फ्रेम — ४० मेगाबाइट
१०८०पी, ३० फ्रेम — ६० मेगाबाइट
१०८०पी, ६० फ्रेम — ९० मेगाबाइट
४के, २४ फ्रेम — १३५ मेगाबाइट
४के, ३० फ्रेम — १७० मेगाबाइट
४के, ६० फ्रेम — ४०० मेगाबाइट

हे कोष्टक लक्षपूर्वक वाचावे. पिक्सेल चौपट झाले, तरी १०८०पी पासून ४के पर्यंत आकारमान तिपटीहूनही थोडे कमीच वाढले. १०८०पी मध्ये फ्रेम दुप्पट झाल्या, तेव्हा ते दीडपट झाले. कारण दोन फ्रेममधील अंतर कमी झाले की त्यांच्यातील सारखेपणा वाढतो. ४के मध्ये मात्र फ्रेम दुप्पट होताच आकारमान दुपटीपेक्षा अधिक झाले. म्हणजे केवळ पिक्सेल मोजून आकारमानाचे भाकीत करता येत नाही. आपल्या फोनचे आकडे आपणच तपासले पाहिजेत. पूर्वी काढलेल्या ११,२०० मेगाबाइटशी ६० मेगाबाइटची तुलना केली, तर मूळ माहितीच्या सुमारे १८७ भागांपैकी एकच भाग उरला आहे, आणि तरीही चित्र आपणास समाधानकारक वाटते!

आवाजाचा वाटा ह्या सर्वांत अत्यल्प असतो. ज्या चित्रीकरणात शब्दांस महत्त्व आहे, तेथे विभेदन वाढविण्यापेक्षा फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवणे अधिक हिताचे.

६. पुन्हा त्या तासाकडे

आता आपल्या विद्यार्थिनीचा हिशेब मांडू. ८ गिगाबाइट म्हणजे ८,००० मेगाबाइट. ४००ने भागल्यास २० मिनिटे येतात. म्हणूनच चित्रीकरण विसाव्या मिनिटाला थांबले. ४के आणि ३० फ्रेम निवडले असते, तर ४७ मिनिटे मिळाली असती आणि नेमके निरोपाचे शब्द हुकले असते. ४के आणि २४ फ्रेममध्ये ५९ मिनिटे, म्हणजे तास कसाबसा बसला असता. १०८०पी आणि ३० फ्रेममध्ये मात्र १३३ मिनिटे मावतात. संपूर्ण तास टिपूनही निम्म्याहून अधिक जागा उरली असती.

तिने फोन पुढच्या बाकावर, फळा चित्राची रुंदी भरून टाकील असा, पुस्तकांच्या चळतीवर स्थिर ठेवावयास हवा होता. चेंडूच्या प्रयोगासाठी दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या फोनने काही सेकंदांचे मंदगती चित्रीकरण वेगळे घेता आले असते. असे केले असते, तर फळ्यावरील अक्षरे वाचता आली असती, चेंडूची गती मोजता आली असती, आणि शिक्षकांचे अखेरचे वाक्यही ऐकावयास मिळाले असते.

काय जतन करावयाचे आहे, हे प्रथम ठरवावे. मग ते कोठे पाहिले जाईल आणि किती वेळ चालेल, ह्याचा विचार करावा. सेटिंगला हात त्यानंतर लावावा. ह्या क्रमाने गेल्यास साध्या फोननेही उत्तम नोंद ठेवता येते. क्रम उलटला, तर उत्तम फोनही ऐन वेळी हात टेकतो.

स्वाध्याय

१. आपल्या फोनवर १०८०पी, ३० फ्रेम ह्या प्रमाणावर एका स्थिर भिंतीचे आणि नंतर वाऱ्याने हालणाऱ्या झाडाचे एकेक मिनिट चित्रीकरण करा. दोन्ही फाइलींची आकारमाने ताडून पाहा. ती जवळजवळ समान असतील, तर चित्रांच्या दर्जात फरक पडला आहे काय, ते पडद्यावर मोठे करून तपासा.

२. एका फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये घेऊन त्यास आठाने गुणा व सेकंदांनी भागा. सेकंदाला किती मेगाबिट हा बिट-दर आला, ते लिहा.

३. भिंतीवर मीटरपट्टी लावून तिच्याजवळून चेंडू सोडा आणि मंदगती चित्रीकरण करा. एकेक फ्रेम पुढे सरकवून चेंडूची स्थाने नोंदवा. समान कालावधीत कापलेले अंतर वाढत जाते काय, ते पाहा.

४. आपल्या शाळेतील एक तास संपूर्ण चित्रित करावयाचा आहे. फोनमधील मोकळी जागा पाहून कोणते प्रमाण निवडाल, ते कारणांसह सांगा.